राख फार असलेलं घर

उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द. उपमेचे हे चार भाग मी तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिले. मुलांनी वहीत उतरवून घेतले, परीक्षेत एखाद-दोन गुणांपुरते आठवले आणि निकाल लागल्यावर विसरून गेले. त्यात मुलांचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला नुसती ओळख पुरते. तो अंगावर घालून बघायला कुणी सांगतच नाही.

हेच चार भाग अरबीत मुशब्बह, मुशब्बह बिही, वज्हे-शबह आणि अदाते-तशबीह या नावांनी शेकडो वर्षं शिकवले जातात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आणि तेही आपल्याच गावात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात (ज्याला माझ्यासारखी जुनी माणसं बोलताना अजून औरंगाबादच म्हणून जातात).

झालं असं, की इथल्या एका निवासी मदरशातली काही मुलं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. त्यांना मराठी शिकवायला कुणी हवं होतं. ओळखीतून विचारणा झाली. मी रिकामाच होतो. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर जाऊ लागलो. मदरशाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एका मुलाच्या घरची गोष्ट आहे.

माझा तास संपला की त्याच खोलीत वरच्या वर्गाच्या मुलांचा ‘बलागत’चा तास असे. बलागत म्हणजे अरबी साहित्यशास्त्र म्हणा, वक्तृत्वशास्त्र म्हणा. त्याच्या तीन शाखा. ‘मआनी’मध्ये वाक्यरचनेचा आणि प्रसंगाचा मेळ, ‘बयान’मध्ये उपमा-रूपक-लक्षणा, आणि ‘बदी’मध्ये शब्दांची नि अर्थाची सजावट. आपल्याकडचा यमक-श्लेष बहुतेक या तिसऱ्या घरात राहतो. हे शास्त्र नुसती हौस म्हणून शिकवत नाहीत. कुराणाची भाषा एवढी प्रभावी का, हे समजून घेण्याच्या धडपडीतून ते वाढलं, म्हणून आलिम होणाऱ्याला त्यातून सुटका नाही.

मी खोलीतून निघायच्या ऐवजी मागे बसून राहू लागलो. शिकवणारे मौलाना वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी एकदा विचारलं, “सर, आप को दिलचस्पी है?” मी म्हटलं, “मौलाना, तुम्ही जे शिकवताय ते मी आयुष्यभर शिकवलंय, फक्त लिपी वेगळी होती.” तेव्हापासून माझी जागा पक्की झाली.

आता जरा पुस्तकांबद्दल सांगतो, म्हणजे अडचण लक्षात येईल. अकराव्या शतकात अब्दुल काहिर जुर्जानी यांनी या विषयावर दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांत विचार आहे, रसिकता आहे, कवितेवर जीव आहे. पुढे सक्काकी (मृत्यू 1229) यांनी सगळ्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. खतीब कझवीनी (मृत्यू 1338) यांनी त्या मांडणीचं सार काढलं, ते ‘तल्खीस’. मग तफ्ताझानी (मृत्यू 1390) यांनी त्या सारावर टीका लिहिली, आणि मोठी झाली म्हणून पुन्हा छोटी टीका लिहिली. ती छोटी टीका ‘मुख्तसरुल मआनी’ आपल्याकडच्या दर्से-निजामी अभ्यासक्रमात अजून वाचतात. हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्या नावानं ओळखला जातो.

थोडक्यात काय, तर ग्रंथाचं सार, साराची टीका, टीकेचा संक्षेप. उसाचा रस आटवून काकवी, काकवी आटवून गूळ आणि गूळ इतका कडक की मुलाच्या दातांनी फुटू नये. त्यात भाषा अरबी, समजावणं उर्दूत, आणि ऐकणारा मुलगा कन्नड-सिल्लोडकडचा किंवा बीड-परभणीकडचा, घरी दख्खनी आणि गावात मराठी बोलणारा. मूळ उदाहरणात वाळवंट, उंट, सिंह. या मुलानं सिंह पाहिला असेल तर सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयातल्या एखाद्या जुन्या आठवणीत किंवा मोबाइलवर.

गंमत अशी, की याच मुलांचं सुरुवातीचं शिक्षण पूर्णपणे अंगानं झालेलं असतं. कायदा शिकताना अक्षर डोळ्यांनी बघायचं, बोट ठेवायचं, उस्तादांच्या तोंडाकडे पाहायचं, मोठ्यानं म्हणायचं. अक्षर घशातून येतं की टाळूतून की ओठातून, हे त्यांना ठाऊक असतं. तजवीदच्या शास्त्रात उच्चाराच्या सतरा जागा मोजल्यात. एखाद्या अक्षराची जागा शोधायची तर त्याच्याआधी ‘अ’ लावून ते अक्षर हलन्त म्हणायचं, की आवाज जिथे अडतो ती जागा. मी स्वतः माझ्या घशाला हात लावून ‘ऐन’ काढायचा प्रयत्न केला. मुलं पोट धरून हसली. पाठ करताना पुढेमागे डोलणं, रात्री दोघा-चौघांनी बसून दिवसाचा सबक एकमेकांना समजावून सांगायची ‘तकरार’ (हा शब्द ऐकून मी आधी भांडण समजलो होतो), सगळ्यात कान आहे, जीभ आहे, पाठीचा कणा आहे.

मग चार-पाच वर्षं व्याकरण होतं, मुलगा बलागतपाशी पोचतो आणि तिथे अचानक सगळं अंग बाजूला पडतं. उरतात डोळे आणि पान.

मौलानांना हेच खुपत होतं. ते म्हणाले, “हरफ सिखाते वक्त हम बच्चे का गला पकडते हैं, मानी सिखाते वक्त सिर्फ किताब पकडा देते हैं.”

पण मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीनं. उपाय त्याच कडक गुळात होता. उपमेची दोन टोकं, म्हणजे उपमेय आणि उपमान, यांचे प्रकार सांगताना कझवीनींनी पहिलं वर्गीकरण केलंय ते ‘हिस्सी’ आणि ‘अकली’ असं. इंद्रियांना कळणारं आणि बुद्धीला कळणारं. आणि हिस्सीची उदाहरणं देताना एकेक इंद्रिय घेतलंय. डोळ्यांसाठी गाल आणि गुलाब. कानांसाठी क्षीण आवाज आणि कुजबुज. नाकासाठी श्वासाचा गंध आणि अंबर. जिभेसाठी लाळ आणि मद्य. स्पर्शासाठी मऊ त्वचा आणि रेशीम. चौदाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकात पाचही इंद्रियं ओळीनं हजर! आणि ती ओळ शतकानुशतकं मुलं पाठ करतायत, नुसती पाठ.

मौलानांनी ठरवलं की ही ओळ एक दिवस खरोखर वर्गात आणायची. गुलाब आणणं सोपं होतं. कुजबुजीला काही लागत नाही. एका मुलानं दुसऱ्याच्या कानात सबक सांगायचा आणि तो कानोकान शेवटापर्यंत जाऊ द्यायचा. अंबरचं अत्तर सिटी चौकाजवळून आलं, आणि कापसाच्या बोळ्यावर थेंब थेंब सगळ्यांच्या मनगटाला लागलं. मद्याशी मौलाना अडले. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “सर, इस की जगह शहद.” मधाची बाटली फिरली.

रेशमाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी हिमरूचा एक तुकडा मिळवला. हिमरू आपल्या गावचं वैभव, सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं. दुकानदारानं सोबत मशरूचा एक चिंधीएवढा तुकडा फुकट दिला. मशरू म्हणजे शरियतनं परवानगी दिलेलं. पुरुषांनी अंगाला शुद्ध रेशीम लावायचं नाही, म्हणून विणकरांनी तोड काढली: वरून रेशीम दिसेल, आत अंगाला सूत लागेल. मुलांनी तो तुकडा उलटसुलट करून बोटांत चोळला. एकजण म्हणाला, “ये तो कपडे का किनाया है!” वर एक, आत दुसरं. मौलानांनी त्याला जवळ बोलावून पाठ थोपटली. किनाया हा धडा अजून चार पानं पुढे होता.

किनाया म्हणजे सरळ न सांगता त्याच्या खुणेनं सांगणं. आपल्या लक्षणा-व्यंजनेचा शेजारी. या धड्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे उदार माणसाबद्दल ‘त्याच्याकडे राख फार’ असं म्हणणं. पुस्तक त्याची साखळी सोडवून दाखवतं: राख फार म्हणजे लाकूड फार जळलं, म्हणजे स्वयंपाक फार झाला, म्हणजे खाणारे फार आले, म्हणजे पाहुणे फार, म्हणजे माणूस दिलदार. पाच पायऱ्या. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात.

योगायोगानं त्याच आठवड्यात कुणीतरी अकीक्याचं जेवण मदरशाला दिलं. रोजचा स्वयंपाक गॅसवर, पण मोठ्या जेवणाला देगा लाकडावर चढतात. नान-खलियाचा बेत होता. दुसऱ्या दिवशी मौलाना सगळ्या वर्गाला मतबखमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या अंगणात घेऊन गेले. राख अजून कोमट होती. म्हणाले, हात घाला. मुलांनी हात घातले. एकाला कोळशाचा तुकडा लागला, एकाला अर्धवट जळालेलं हाड. मसाल्याचा नि धुराचा वास तिथे होताच. मौलानांनी विचारलं, “काल किती जण जेवले, राखेवरून सांगा.” मुलं अंदाज करू लागली. आचाऱ्यानं मागून ओरडून आकडा सांगितला. साखळी उलट्या बाजूनं, पाहुण्यापासून नव्हे तर राखेपासून, त्यांनी स्वतः चढली. पुस्तक कुणाच्याच हातात नव्हतं.

आता त्या मुलाची गोष्ट. वय सोळा असेल. अकराव्या वर्षी हाफिज झालेला, म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ. आवाज असा की त्यानं अजान दिली की रस्त्यावरचा माणूस थांबावा. माझ्या तासाला मात्र तो कागदापुढे गोठायचा. ‘माझे घर’, ‘माझी आई’ असल्या निबंधांत त्याच्याकडून चार ओळींपलीकडे काही निघत नसे. त्या चार ओळीही कुठल्याशा गाइडमधल्या. आई प्रेमळ आहे. घर लहान पण सुंदर आहे. मी खोडून परत देई, तो पुन्हा तेच लिहून आणी.

राखेच्या तासानंतरच्या गुरुवारी मी पुन्हा ‘माझे घर’ दिलं. त्यानं वही दिली तेव्हा त्यात एकच नवीन वाक्य होतं. ‘आमच्या घरी राख कमी राहायची.’

मी ते वाक्य वाचलं, आणि पुढे काही वाचता आलं नाही. म्हणजे लाकूड कमी जळायचं, म्हणजे स्वयंपाक कमी व्हायचा. आठ वर्षांच्या पोराला दोन वेळच्या जेवणासाठी, शिक्षणासाठी, गावापासून लांब वसतिगृहात का पाठवलं, ते त्या पाच शब्दांत होतं, आणि कुणाबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता. अरबस्तानातल्या दिलदार शेखाचं वाक्य त्यानं उलटं करून मराठवाड्यातल्या कोरडवाहू घराला लावलं होतं. मराठीत. ‘राहायची’ हे आपल्याकडचं ‘राहायची’.

मी ते मौलानांना उर्दूत समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इस ने किताब पढ ली.”

एवढं सगळं वाचून ‘वा, काय सोपी युक्ती’ असं कुणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तिथले एक वयोवृद्ध उस्ताद आहेत. त्यांना हा प्रकार पसंत नाही. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. ते म्हणतात, त्या दिवशी पुस्तकाचं अर्धं पान झालं. वर्षअखेर जी पानं राहतील ती कोण शिकवणार? परीक्षेत राख विचारत नाहीत, व्याख्या विचारतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळा अर्थ हाताला लागत नाही. जुर्जानींचं मुख्य सांगणं हेच होतं की सौंदर्य सुट्या शब्दात नसतं, शब्दांच्या बांधणीत असतं. बांधणीचा वास कसा घ्यायचा?

यावर मौलानांनी एक खेळ काढला, मला तो फार आवडला. एकेका मुलाच्या हातात एकेक शब्दाची पाटी. मुलं ओळीत उभी, म्हणजे वाक्य उभं. आता मराठीत ‘मी तुलाच विचारलं’ म्हणताना आपण ‘च’ लावतो. अरबीत तेच साधायची एक वाट म्हणजे ‘तुला’ हा शब्द उचलून क्रियापदाच्या पुढे आणून ठेवायचा. ‘तुला’ची पाटी धरलेला पोरगा मागून निघून सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला की बाकीच्यांनी ओरडायचं, “च!” अख्खी खोली दणाणते. बांधणीला पाय फुटतात. उस्ताद दारातून बघत होते. काही बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत.

बाहेरच्या जगात या सगळ्याला बहुसंवेदी अध्यापन म्हणतात. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी डोळे, कान, जीभ, हात एकाच वेळी कामाला लावायची पद्धत बसवली, तिला आता नव्वदेक वर्षं झाली. इंडोनेशियातल्या पेसांत्रेन नावाच्या निवासी शाळांत बलागतवरचा एक पद्यग्रंथ मुलं चालीवर गाऊन पाठ करतात. अली अल-जारिम आणि मुस्तफा अमीन या विसाव्या शतकातल्या दोन इजिप्शियन लेखकांचं ‘अल-बलागतुल वाजिहा’ तर आधी उदाहरणं, मग चर्चा आणि शेवटी नियम असंच लिहिलंय. ते आपल्याकडच्या बऱ्याच मदरशांत शिकवतात. मात्र यातून ‘हा मुलगा कानानं शिकणारा, तो डोळ्यांनी शिकणारा’ अशी जी वाटणी शिक्षक-प्रशिक्षणात ऐकायला मिळते, तिला आधार नाही. 2008 साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं आणि तशा वाटणीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडत नाही असं सांगितलं. राख सगळ्यांच्याच हाताला लागावी लागते.

आणि अरबी शास्त्राला इथली माती लावणं हे काही आमच्या मौलानांचं धाडस नव्हे. याच गावात ते अडीचशे वर्षांपूर्वी झालंय. गुलाम अली आझाद बिलग्रामी (1704–1786) उत्तरेतल्या बिलग्रामचे, हजला जाऊन आले, मदिनेत हदीस शिकले आणि मग औरंगाबादेत स्थिरावले. पाणचक्कीला आपण पाहुण्यांना घेऊन जातो ना, तिथल्या शाह मुसाफिरांच्या तकियात ते काही वर्षं राहिले. त्यांनी ‘सुब्हतुल मर्जान’ नावाचा अरबी ग्रंथ 1763-64 च्या सुमारास पुरा केला. त्याच्या एका प्रकरणात भारतीय अलंकारशास्त्रातले अलंकार अरबीत आणले, त्यांना अरबी नावं दिली, स्वतः अरबी उदाहरणं रचली. पुढच्या प्रकरणात चक्क आपला नायिकाभेद आहे. अरबी भाषेच्या अंगावर त्यांनी हिंदुस्तानी दागिना घालून बघितला आणि तो शोभला. त्यांची कबर खुलताबादला आहे, अमीर हसन सिज्झींच्या कबरीजवळ. वेरूळला जाणाऱ्या बसेस तिथून रोज जातात.

मौलाना मुलांना तिथे घेऊन गेले होते. मीही होतो. कबरीपाशी त्यांनी मुलांना फक्त एवढंच सांगितलं की हे उपमान शोधायला मक्केला गेले नाहीत, इथेच सापडलं.

आता सरकारी बाजूनं मदरशांकडे बघितलं जातं ते गणित, विज्ञान, मराठी कोण शिकवतं एवढंच. त्यासाठी डॉ. झाकिर हुसैन यांच्या नावाची योजना आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्यातल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन 6000 वरून 16,000 आणि बी.एड. शिक्षकांचं 8000 वरून 18,000 करायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. चांगलंच झालं. पण माझा अनुभव असा, की त्या मुलाला मराठी माझ्या तासाला आली नाही. ती बलागतच्या तासाला आली. दोन खोल्यांमधलं दार उघडं होतं म्हणून आली. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

तो मुलगा यंदा दहावीला बसतोय. गणिताची भीती आहे, मराठीची राहिलेली नाही. मोठ्या पुस्तकाची राहिलेली पानं मौलाना आता इशाच्या नमाजनंतर जादा तास घेऊन भरून काढतायत, आणि व्याख्या पाठ करून घ्यायचं काम वयोवृद्ध उस्तादांनी आपणहून अंगावर घेतलंय.

सध्या आम्ही अडलोय ते ‘अकली’ उपमेवर. तिथे पुस्तकात जोडी आहे ज्ञान आणि जीवन. यातलं एकही हाताला लागत नाही, नाकाला नाही, जिभेला नाही. पुढच्या मंगळवारी वर्गात काय न्यायचं यावर आमची चर्चा चालू आहे. एका मुलानं सुचवलंय की काहीच नेऊ नये, फक्त अर्धा मिनिट श्वास रोखून धरायला सांगावा आणि मग सोडायला. मौलाना विचार करतायत. मला तर पटलंय.